साक्षीची पुस्तके : युरोपातील प्रबोधनकाळाचे वनौषधीग्रंथ आणि गोवा

१४९९ साली व्हेनिसच्या आल्दुस मानुत्सिउसने ग्रीक वैद्य डायोस्कोरिडिसचा औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ मूळ ग्रीकमध्ये छापला. पहिल्या शतकातला हा ग्रंथ सुमारे ६०० वनस्पतींची माहिती देतो आणि तोवर सुमारे चौदाशे वर्षे तो प्रमाण मानला जात होता. पण त्यातली झाडेझुडपे भूमध्य समुद्राकाठची होती. राइनच्या खोऱ्यातला वैद्य ती शोधायला रानात गेला की गोंधळून जाई. वर्णन त्रोटक, आणि नकलेवरून नक्कल करताना जुनी चित्रेही बिघडलेली. फेराराच्या निकोलो लिओनिचेनोने १४९२ मध्ये रोमन लेखक प्लिनीच्या चुका दाखवल्या, त्यामागे हीच काळजी होती. वनस्पती ओळखण्यातली चूक रोग्याच्या जिवावर बेतते.

पुढच्या शंभर वर्षांत या विषयावर पुष्कळ ग्रंथ झाले. त्यांतली बरीच औषधे केव्हाच मागे पडली. टिकली ती एक शिस्त : जे सांगायचे ते कोणी पाहिले, कुठे पाहिले, हेही सांगायचे.

सुरुवात चित्रकारांनी केली. १५३० मध्ये स्ट्रासबुर्गला निघालेल्या ओटो ब्रुनफेल्सच्या ग्रंथासाठी हान्स वायडिट्झने समोर रोप ठेवून चित्रे काढली. पान कोमेजलेले असेल तर कोमेजलेले, फाटलेले असेल तर फाटलेलेच. मजकूर मात्र बहुतांशी जुन्या ग्रंथांतून उचललेला होता. हिएरोनिमस बॉकच्या १५३९ च्या जर्मन ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत चित्रेच नव्हती, म्हणून रोप कसे वाढते, कोणत्या जमिनीत उगवते, हे त्याला शब्दांत नेमके पकडावे लागले. १५४२ मध्ये बाझेलला लिओनहार्ट फुक्सचा भव्य ग्रंथ निघाला. पाचशेहून अधिक चित्रे, आणि ती काढणाऱ्या-कोरणाऱ्या तिघा कारागिरांच्या तसबिरीही त्याच ग्रंथात. अमेरिकेतून आलेली मिरची त्यात आहे, पण फुक्स तिला कालिकतची मिरी समजला. झाड डोळ्यांसमोर होते, त्याचा प्रवास ठाऊक नव्हता. पुढच्याच वर्षी त्याच शहरात वेसालियसचा शरीररचनेवरचा ग्रंथ छापला गेला. इटलीत लुका गिनी विद्यार्थ्यांना वनस्पती वाळवून कागदावर चिकटवायला शिकवत होता आणि १५४५ मध्ये पादुआ विद्यापीठाने औषधी वनस्पतींची बाग उभारली.

याने रोगी लगेच बरे होऊ लागले, असे मात्र नाही. चित्र अचूक झाले तरी उपचार चार देहद्रवांच्या जुन्याच सिद्धान्तावर चालत होते. उलरिख फॉन हुटेनने १५१९ मध्ये उपदंशावर ग्वायाकम या अमेरिकी लाकडाच्या काढ्याची महती सांगणारे पुस्तक लिहिले आणि चारच वर्षांनी तो त्याच रोगाने गेला. झाड ओळखणे आणि गुण पारखणे ही दोन वेगळी कामे होती. दुसऱ्या कामासाठी ते औषध रोज वापरणाऱ्या माणसांकडे जाणे भाग होते.

ते काम गोव्यात झाले. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची ये-जा होती. शहा त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावे सांगे, हा शहाला लॅटिन नावे शिकवी. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते आणि तिथल्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा बहर येतो, हे त्याने नोंदवून ठेवले आहे. १५६३ मध्ये गोव्यात छापलेला त्याचा ग्रंथ संवादरूप आहे. सालामांकाहून आलेला रुआनो ग्रीकांचे दाखले देतो आणि ओर्ता हळद, विड्याचे पान, हिंग, भांग यांविषयी आपण पाहिलेले, विचारून घेतलेले सांगतो. स्पेनात असतो तर प्राचीन ग्रीक वैद्य गेलेनविरुद्ध बोलायला धजलो नसतो, असेही तो म्हणतो. मालुपा नावाचा हिंदू वैद्य संवादात भाग घेतो, अंतोनिया ही दासी जिन्नस आणून समोर ठेवते. आपल्याकडे जिला मोडशी म्हणत, त्या पटकीचे त्याने केलेले वर्णन युरोपीय वैद्यकातले सुरुवातीचे प्रत्यक्षदर्शी वर्णन आहे.

ओर्ता ज्यू वंशाचा होता. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्या वर्षी इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाने त्याच्या बहिणीला जाळले आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली. पुस्तक मात्र आधीच युरोपात पोचले होते. वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसिअसने १५६७ मध्ये अँटवर्पला त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि विद्वानांनी प्रामुख्याने तोच वाचला. त्यात संवाद गाळला होता, म्हणजे प्रश्न विचारणारे आणि उत्तर देणारे दोघेही गेले. माहिती राहिली, माहीतगार पुसले गेले.

ही उणीव शंभर वर्षांनी काही अंशी भरून निघाली. मलबारच्या वनस्पतींवरच्या ‘होर्तुस मलबारिकुस’ या ग्रंथाच्या १६७८ मधल्या पहिल्या खंडात मलयाळी वैद्य इट्टी अच्युतन आणि रंगा भट, विनायक पंडित, आपू भट हे तिघे कोकणी वैद्य यांची प्रमाणपत्रे छापली आहेत. कोकणी प्रमाणपत्र तर नागरी लिपीतच आहे.

माहितीबरोबर माहीतगारही नोंदवला आहे का, याच कसोटीवर औषधाच्या पुस्तकाची योग्यता ठरावी, असे मला मनापासून वाटते. आज वनौषधींची पुस्तके घरोघरी असतात. वनस्पती नेमकी कोणती, ती कोणी वापरली, कोणाला गुण आला आणि कोणाला आला नाही, हे त्यांनी सांगितले पाहिजे. फुक्सने कारागिरांचे चेहरे छापले, ओर्ताने मालुपाला बोलू दिले. त्याहून कमी काही आपण आपल्या पुस्तकांकडून चालवून घेऊ नये.