'ओशाळून' या शब्दाविषयी थोडेसे

महोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहाव्यात, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. शिक्षकापाशी द्यावयास शब्दांवाचून दुसरे काय असणार? म्हणून 'ओशाळून' हा एक लहानसा शब्द घेतला आहे.

'ओशाळणे' या क्रियापदापासून 'ऊन' प्रत्ययाने हे रूप होते. 'तो ओशाळून हसला' या वाक्यात तो कसा हसला हे ते सांगते, म्हणजेच क्रियाविशेषणाचे काम करते. ढोबळ अर्थ, लाज वाटून. परंतु लाजेच्या छटा अनेक आहेत. नवी नवरी लाजून बोलते. त्यात आनंदही असतो. परक्या घरी पाहुणा संकोचाने बसतो. हुज्जत घालणारा पुरावा पुढे येताच वरमून गप्प होतो. वर्गात उत्तर चुकलेला मुलगा खजील होऊन खाली बसतो. हा 'खजील' मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने मराठीत आलेला. आम्हा भोपाळकरांच्या उर्दूतही तो आहेच. 1956 साली भोपाळ राजधानी झाल्यावर येथे आलेल्या मराठी कुटुंबांचा हा शब्द येथील भाषेला परका नव्हता.

'ओशाळून' मात्र यांहून निराळा आहे. आपली चूक उघडी पडली म्हणजे माणूस ओशाळतो. पण काही चूक नसताना, केवळ दुसऱ्याच्या उपकारानेही ओशाळतो. 'ओशाळा' म्हणजे मिंधा, असाही अर्थ आहे. आणि 'मिंधा' हे फारसी 'शरमिंदा'चेच आखूड झालेले रूप मानतात. घेणे आणि लाजणे यांची गाठ भाषेने अशी घालून ठेवली आहे.

लहानपणी एका संस्थेने मला वह्या-पुस्तके दिली. भर सभेत नाव पुकारले, कारणही सांगितले. पुस्तके हवी होती, आनंदही होता. तरी ती मी ओशाळून घेतली. या शब्दाचा अर्थ त्या दिवशी मला कोशावाचून कळला.

दिलेल्याची आठवण करून देऊन दान व्यर्थ घालवू नका, असे कुराण सांगते. या हाताचे त्या हाताला कळू नये, असे आपली जुनी माणसे सांगत. दोन्हींचे सार एकच. आपल्या ट्रस्टच्या दारी येणाऱ्या मुलाने मदत ओशाळून न घेता मोकळेपणाने घ्यावी. वाक्यातले हे एक क्रियाविशेषण बदलणे घेणाऱ्याच्या नव्हे, देणाऱ्याच्या हाती आहे.