तीन आणे की पंधरा आणे?

संसद म्हटली की गोंधळ, घोषणा आणि सभात्याग हेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु विरोधी बाकावरचा एखादाच सदस्य साधा प्रश्न घेऊन उभा राहतो आणि सरकारला आपली आकडेवारी पुन्हा तपासायला लावतो, असेही प्रसंग आपल्या संसदेच्या इतिहासात घडलेले आहेत. डॉ. राममनोहर लोहिया यांनी १९६३ साली लोकसभेत काढलेला 'तीन आण्यां'चा प्रश्न हा त्यांपैकीच एक. राज्यशास्त्राचे विद्यार्थी तो लोहियांच्या वक्तृत्वाचा नमुना म्हणून ऐकतात. मला मात्र अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने त्यातील हिशेब अधिक महत्त्वाचा वाटतो. तो हिशेब समजावून सांगण्याचा प्रयत्न मी येथे करणार आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. १९६२ च्या निवडणुकीत लोहिया फुलपूर मतदारसंघात खुद्द पंडित नेहरूंविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. पुढच्या वर्षी फरुखाबादच्या पोटनिवडणुकीत निवडून येऊन ते लोकसभेत दाखल झाले. चीनबरोबरच्या युद्धातील पराभवाची जखम तेव्हा ताजी होती. ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानी यांनी नेहरू मंत्रिमंडळाविरुद्ध अविश्वासाचा ठराव मांडला. लोकसभेत चर्चेला आलेला हा पहिलाच अविश्वास ठराव. काँग्रेसचे प्रचंड बहुमत पाहता तो फेटाळला जाणार हे उघड होते आणि तसेच झाले. ठरावाच्या बाजूने ६२ मते पडली, विरुद्ध ३४७.

मग असा ठराव मांडायचा कशाला? याचे उत्तर राज्यघटनेत आहे. ७५ व्या अनुच्छेदानुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. त्यामुळे अविश्वासाच्या चर्चेत एखाद्या खात्यापुरते बोलण्याचे बंधन राहत नाही. सरकारच्या कोणत्याही धोरणावर बोट ठेवता येते, आणि उत्तर द्यायला पंतप्रधानांना उभे राहावे लागते. लोहियांनी या संधीचा नेमका उपयोग केला.

हिंदीतून केलेल्या त्या भाषणात त्यांनी सांगितले की देशातील सत्तावीस कोटी लोक, म्हणजे लोकसंख्येचा सुमारे ६० टक्के भाग, दररोज माणशी तीन आण्यांवर जगत आहे. आणि पंतप्रधानांवर मात्र दिवसाला पंचवीस हजार रुपये खर्च होतात. नेहरूंनी हा आकडा अमान्य केला. नियोजन आयोगाच्या हिशेबाप्रमाणे दरडोई उत्पन्न दिवसाला पंधरा आणे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सप्टेंबरमध्ये या एकाच प्रश्नावर सभागृहात पुन्हा चर्चा झाली. सरकारच्या वतीने गुलझारीलाल नंदा यांनी खालच्या ६० टक्के लोकांसाठी साडेसात आण्यांचा आकडा पुढे केला.

आजच्या वाचकांसाठी खुलासा करायला हवा. जुन्या रुपयाचे सोळा आणे होत. दशमान नाणी १९५७ सालीच आली होती, पण लोकांच्या तोंडचा हिशेब आण्यांतच चाले. तीन आणे म्हणजे सुमारे एकोणीस नवे पैसे, आणि पंधरा आणे म्हणजे सुमारे चौऱ्याण्णव.

आता प्रश्न असा, की तीन आणि पंधरा यांत इतके अंतर पडले कसे? कोणीतरी एक खोटे बोलत होता काय? तसे मानण्याचे कारण नाही. दहा माणसांचे एक खेडे कल्पनेत आणा. त्यांतील सहा जणांना रोज तीन-तीन आणे मिळतात, मिळून अठरा आणे. उरलेल्या चौघांना तेहतीस-तेहतीस आणे मिळतात, मिळून एकशे बत्तीस. एकूण झाले दीडशे आणे, आणि दहांनी भागले की सरासरी बरोबर पंधरा आणे! म्हणजे तीन आणे आणि पंधरा आणे हे दोन्ही आकडे एकाच गावाबद्दल एकाच वेळी खरे असू शकतात. नेहरू सांगत होते ती साऱ्या देशाची सरासरी होती. लोहिया विचारत होते ते खालच्या सहा जणांबद्दल. वादाचे खरे मर्म येथे आहे.

लोहियांचा तीन आण्यांचा आकडा जसाच्या तसा टिकला काय? प्रामाणिकपणे सांगायचे तर नाही. नंतर झालेल्या उपभोग-खर्चाच्या अभ्यासांकडे पाहता ६० टक्के लोकांसाठी तो फारच कमी होता. परंतु तेवढ्यावरून लोहिया हरले असे म्हणणाऱ्याने सरकारचा साडेसात आण्यांचा आकडाही तपासून पाहावा. दिवसाला साडेसात आणे म्हणजे महिन्याला सव्वाचौदा रुपयांच्या आसपास. सरकारनेच नेमलेल्या एका अभ्यासगटाने १९६२ साली माणशी दरमहा वीस रुपये हा किमान जीवनमानाचा खर्च ठरविला होता, आणि शिक्षण व आरोग्य यांचा भार शासन उचलील असे गृहीत धरून. या गटात आपले डॉ. धनंजयराव गाडगीळ आणि अण्णासाहेब सहस्रबुद्धे हेही होते. म्हणजे सरकारचे उत्तर खरे मानले तरी देशातील बहुसंख्य लोकांची सरासरी मिळकत सरकारी किमान मर्यादेच्या खूपच खाली राहत होती!

या प्रश्नाचा पुढचा धागा पुण्यापर्यंत येतो. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील गाजलेला अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. दररोज २२५० उष्मांक मिळण्याइतका आहार ही कसोटी लावून त्यांनी १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागासाठी दरमहा पंधरा रुपये आणि शहरांसाठी साडेबावीस रुपये अशी रेषा आखली. तिच्याखाली ग्रामीण जनतेपैकी सुमारे ४० टक्के आणि शहरी जनतेपैकी सुमारे ५० टक्के लोक आढळले. पंधरा रुपये महिना म्हणजे दिवसाला जेमतेम आठ आणे. सभागृहात अंदाजाने झालेली चर्चा येथे शास्त्रशुद्ध मोजणीच्या पायावर उभी राहिली. हा अभ्यास लोहियांमुळे झाला असा माझा दावा नाही. परंतु 'देशाचे उत्पन्न किती?' याच्या जोडीला 'तळाच्या माणसाचे किती?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे, ही जाणीव दोन्हींच्या मुळाशी आहे.

लोकप्रतिनिधीचे काम काय, यावर आपल्या वादविवाद स्पर्धांतून पुष्कळ बोलले जाते. या प्रसंगावरून मला त्याचे उत्तर मिळते ते असे: मतदानात आपण हरणार हे ठाऊक असूनही ज्यांचा आवाज सभागृहात पोचत नाही त्यांचा हिशेब मागणे. ६२ विरुद्ध ३४७ या निकालाने सरकार हलले नाही. पण सरासरीच्या जागी तळच्या ६० टक्क्यांचा आकडा त्याला सांगावा लागला.

नियोजन आयोग २०१५ पासून राहिलेला नाही, आणेही केव्हाच गेले. दरडोई उत्पन्नाचे आकडे मात्र दरवर्षी जाहीर होतात. महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीत राज्याची सरासरी मोठ्या अक्षरांत असते. मुंबई आणि नंदुरबार, ठाणे आणि गडचिरोली यांच्यातील तफावत जिल्हावार कोष्टक उघडल्यावरच दिसते. आणि जिल्ह्याचा आकडा हीही पुन्हा एक सरासरीच! विद्यार्थिमित्रांनो, असा आकडा वाचनात आला की दहा माणसांचे ते खेडे आठवा आणि खालच्या सहा जणांच्या वाट्याला काय आले, एवढे जरूर विचारा. अर्थशास्त्राच्या तासाला हा प्रश्न आपणही विचारू शकतो. त्यासाठी लोकसभेत निवडून जाण्याची आवश्यकता नाही.