विश्लेषण : घट्ट रनिंग सॉक्समुळे पायाचा अंगठा अडतो का?

मुंबई मॅरेथॉनमध्ये गुडघ्यापर्यंत चढवलेले घट्ट कॉम्प्रेशन सॉक्स आता सर्रास दिसतात. ते घेताना लक्ष असते पोटरीकडे. दुसऱ्या टोकाच्या अंगठ्याचा विचार क्वचितच होतो.

अंगठ्याला एवढे महत्त्व का?

टाच उचलली की भार चवड्यावर येतो आणि अंगठा मुळाशी वर वाकतो. चालताना हा वाक साधारण ४० ते ६५ अंशांचा असतो, असे मानले जाते. त्यामुळे तळपायातला जाड पडदा, म्हणजे प्लांटार फॅशिया, ताणला जातो, कमान उंचावते आणि पुढे रेटा द्यायला पाऊल ताठ होते. जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये याला ‘विंडलास’ म्हटले. विहिरीवरचा रहाट आठवा, दोर गुंडाळला की ओझे वर येते. अंगठा वाकलाच नाही, तर धावणारा नकळत पावलाच्या बाहेरच्या कडेवरून रेटा देतो आणि ताण दुसरीकडे सरकतो.

सॉक्सचा संबंध कुठे येतो?

या सॉक्सचा दाब रक्तदाबासारखाच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. १५-२० किंवा २०-३० हे नेहमीचे आकडे. धावण्याचा वेग त्याने वाढतो, याला ठोस पुरावा नाही; नंतरचा ठणका काहींना कमी जाणवतो, इतकेच. बोटांना तर या दाबाची गरजच नाही. पुढचा भाग आवळ असेल, तर अंगठा शेजारच्या बोटाकडे ढकलला जातो आणि वर वाकताना खालचे कापड त्याला ओढून धरते. निरोगी सांध्याला हा अडथळा किरकोळच. शरीराच्या वजनापुढे कापडाचा जोर तो किती! पण सांधा आखडलेला असेल किंवा अंगठ्याच्या मुळाशी हाड पुढे आलेले असेल, तर आवळ सॉक्स आणि अरुंद बूट मिळून दुखणे वाढवू शकतात.

गोची मापात आहे. अनेक कंपन्या माप पोटरीच्या घेरावरून ठरवतात. बारीक पोटरी आणि रुंद चवडा असलेल्याची बोटे मग आवळली जातात.

कसे तपासावे?

अनवाणी उभे राहून फक्त अंगठा उचला. मग सॉक्स घालून तेच करा. फरक जाणवला, तर बोटांना वेगळे कप्पे असलेले सॉक्स किंवा फक्त पोटरीपुरते स्लीव्ह घ्यावेत. अनवाणीही अंगठा उठत नसेल किंवा दुखत असेल, तर सॉक्स बदलून भागणार नाही, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. मधुमेहींनी किंवा पायातला रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी असे सॉक्स घेण्याआधीच डॉक्टरांना विचारावे.