पाचटाचा धूर आणि हाँगकाँगचे मीटर

पाथरी तालुक्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी आले आणि पाण्यामागून ऊस आला. तोड झाली की फडात हेक्टरी आठ-दहा टन पाचट उरते. बरेच जण त्याला काडी लावतात. मजुरी वाचते, रान लवकर मोकळे होते. हा फायदा शेतकऱ्याच्या वहीत दिसतो. धुराचा खर्च मात्र कोणाच्याच वहीत नसतो. तो मांडता येतो का, हे शोधताना मी हाँगकाँगपर्यंत पोहोचलो.

बेटांच्या त्या प्रदेशात जुलै 1990मध्ये वीजकेंद्रांच्या आणि वाहनांच्या इंधनातील गंधकावर अर्ध्या टक्क्याची मर्यादा आली. त्यानंतर श्वसनविकार आणि हृदयविकाराच्या मृत्यूंना उतार पडल्याचे अँथनी हेडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले. हेडलींच्याच नावाचा निर्देशांक हाँगकाँग विद्यापीठात 2008 साली सुरू झाला. हवेतील प्रदूषकांच्या मोजणीवरून अकाली मृत्यू, रुग्णालयातले दिवस आणि डॉक्टरांकडच्या फेऱ्या यांचा अंदाज काढायचा. मग उपचारांचा खर्च आणि बुडालेले काम यांची रक्कम लोकांपुढे ठेवायची, अशी त्याची रीत. टॅक्सीच्या मीटरसारखा आकडा चढत जातो.

भारताचा असा हिशेब 2020 साली ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ने छापला. 2019 या एका वर्षात प्रदूषित हवेमुळे 16.7 लाख मृत्यू आणि सुमारे 2 लाख 60 हजार कोटी रुपयांचा तोटा, म्हणजे देशाच्या सकल उत्पन्नाच्या 1.36 टक्के. दरडोई तोटा सर्वाधिक दिल्लीचा. उत्पन्नाच्या प्रमाणात मात्र सर्वांत मोठा फटका उत्तर प्रदेश आणि बिहारला.

मेख इथेच आहे. बुडालेले काम कमाईच्या दराने मोजले की पगारदाराची रजा महाग ठरते आणि मजुराचा खाडा स्वस्त. प्रत्यक्षात पगारदाराला आजारपणाची रजा मिळते. फडालगतच्या कोपीत राहणाऱ्या कोयत्याला मुकादमाची उचल फेडायची असते. खोकल्याने अंग टाकले, तर कर्ज तेवढेच राहते आणि कमाई थांबते.

म्हणून आपल्या तालुक्याचा हिशेब रुपयांच्या आधी दिवसांत मांडावा, असे मला वाटते: किती खाडे, दवाखान्याच्या किती फेऱ्या. आणि पाचट पेटवणाऱ्यानेही आपली वही पुन्हा पाहावी. सरीत कुजवले तर तेच पाचट ओल धरते, जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढवते. वाचलेल्या मजुरीसमोर जळालेल्या खताची किंमत लिहिली, की काडी तितकीशी स्वस्त राहत नाही.