मैफलीनंतरचे बोलणे : श्रोत्यांच्या अनुभवकथनाचे स्वरूप व पुरावा म्हणून त्याचे मोल

महाराष्ट्रातील संगीताचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे आरंभीच एक चमत्कारिक अडचण उभी राहते. भास्करबुवा बखले (1869–1922) हे आपल्या काळातील अग्रगण्य गायक होते, याविषयी जाणकारांत मतभेद नाही. परंतु त्यांच्या गायनाचे एकही ध्वनिमुद्रण आज आपणांस उपलब्ध नाही. जयपूर गायकीचे प्रवर्तक अल्लादियाखाँ (1855–1946) यांच्याविषयीही तेच म्हणावे लागते. बुवांनी ‘स्वयंवर’ (1916) नाटकासाठी बांधलेल्या चाली आहेत, शिष्यपरंपरा आहे. पण चाल म्हणजे मैफल नव्हे आणि शिष्य म्हणजे गुरू नव्हे. मग बुवा मैफलीत कसे गात, याविषयी आपल्याला जे काही ठाऊक आहे ते कशाच्या आधारावर? उत्तर एकच : ज्यांनी ते गाणे ऐकले त्यांनी परस्परांत व पुढील पिढीजवळ जे बोलून ठेवले, आणि त्यांतील काहींनी जे लिहून ठेवले, त्याच्या आधारावर.

असे असूनही श्रोत्यांचे हे बोलणे आपण अभ्यासाचा विषय मानीत नाही. गायकाचे चरित्र लिहिताना त्यातून दोन-चार आख्यायिका उचलावयाच्या, आणि शास्त्रचर्चा करताना ते ‘ऐकीव’ म्हणून बाजूस सारावयाचे, अशी आपली दुहेरी वागणूक आहे. श्रोत्यांचे अनुभवकथन कसे घडते, त्यात कोणते दोष संभवतात व कोणत्या मर्यादेत त्याला पुरावा मानता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

1. प्राचीनांची दृष्टी

श्रोत्याच्या प्रतिसादाकडे गंभीरपणे पाहणे ही आपल्या परंपरेला नवी गोष्ट नव्हे. नाट्यशास्त्राच्या सिद्धिविषयक अध्यायात प्रयोगाच्या यशाचे दैवी व मानुषी असे दोन प्रकार केले आहेत. मानुषी सिद्धीत प्रेक्षकांचे स्मित, हास्य, ‘साधु’, ‘अहो’ यांसारखे उद्गार, रोमांच, आसनावरून उठणे, वस्त्र वा अंगठी टाकणे इत्यादींची गणना आहे. दैवी सिद्धी मात्र जेथे प्रेक्षागृह भरलेले असूनही गलबला, क्षोभ वा उत्पात नसतो तेथे मानली आहे. मैफलीत ‘वाहवा’ कोठे येते व ती थांबून शांतता कोठे पसरते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या भेदाचे मर्म वेगळे सांगावयास नको.

त्याच अध्यायातील दुसरा विचार आमच्या विषयाला अधिक उपकारक आहे. प्रयोगाविषयी वाद उत्पन्न झाल्यास निर्णय देणारे जे प्राश्निक सांगितले आहेत, त्यांत यज्ञवेत्ता, नर्तक, छंदोज्ञ, व्याकरणज्ञ, राजा, धनुर्वेदज्ञ, चित्रकार, गायक अशा निरनिराळ्या व्यक्ती आहेत. आणि प्रत्येकाचा अधिकार त्याच्या त्याच्या विषयापुरता आहे. म्हणजे ‘कोणाचे मत खरे?’ हा प्रश्न न विचारता ‘कोणाचे मत कशाविषयी ग्राह्य?’ हा प्रश्न विचारला गेला आहे. श्रोत्यांच्या साक्षीची छाननी करताना हाच प्रश्न आपल्यालाही विचारावा लागेल.

2. अनुभवकथनाच्या तीन अवस्था

श्रोत्याचे बोलणे हे एकजिनसी नसते. त्याच्या निदान तीन अवस्था वेगळ्या कराव्या लागतात.

पहिली अवस्था मैफलीतील. येथे बोलणे जवळजवळ नसतेच. समेवर हललेली मान, एखादा उद्गार, शेजाऱ्याकडे टाकलेली नजर एवढाच व्यवहार होतो. परंतु ही दाद व्यक्तिगत असूनही सामुदायिक असते. समेची वाट सर्वजण पाहत असतात, आणि गायक अनपेक्षित मार्गाने समेवर आला की ती दाद एकाच क्षणी सर्वांच्या तोंडून उमटते. हे मत नव्हे, ही प्रतिक्रिया होय; म्हणूनच ती सर्वांत कमी बनावट असते.

दुसरी अवस्था मैफल संपल्यानंतरची. घरी परतताना, चहाच्या दुकानात, दुसऱ्या दिवशी कचेरीत जे बोलणे होते ते या अवस्थेत येते. येथे प्रतिक्रियेला प्रथमच शब्द लाभतात. ‘आज आवाज लागायला वेळ लागला’, ‘तबला वरचढ झाला’, ‘दुसरा राग पहिल्याच्या फार जवळचा निवडला’, अशा वाक्यांत निरीक्षण व निर्णय एकमेकांत मिसळलेले असतात. मतभेद याच वेळी प्रकट होतात आणि मिटतातही. एखाद्या वडीलधाऱ्या, बहुश्रुत श्रोत्याने निकाल दिला की तरुण श्रोते आपले मत बदलतात; एवढेच नव्हे, तर आपल्याला आरंभापासून तसेच वाटले होते असे त्यांना प्रामाणिकपणे वाटू लागते.

तिसरी अवस्था स्मरणाची. वर्षांनुवर्षे सांगितल्या गेलेल्या हकीकतीला हळूहळू घाट येतो. वेगवेगळ्या वर्षी ऐकलेल्या चार मैफली एकीत गोळा होतात, मैफलीचे तास वाढतात, श्रोत्यांची संख्याही वाढते. संशोधकाच्या हाती बहुधा हीच तिसरी अवस्था लागते. म्हणून तिच्या आतील पहिल्या दोन अवस्था उकलून पाहणे हे त्याचे काम ठरते.

3. समाज, मंडळ आणि मुद्रित शब्द

श्रोत्यांच्या या बोलण्याला विशिष्ट सामाजिक आश्रय लागतो. दरबारात गायकाचा श्रोता मुख्यतः आश्रयदाता होता. त्याचे मत बिदागीच्या रूपाने व्यक्त होई. पुण्यात 1874 साली गायन समाजाची स्थापना झाली आणि भास्करबुवांनी 1911 साली पुण्यातच पुढे ‘भारत गायन समाज’ म्हणून प्रसिद्ध झालेली संस्था काढली. अशा संस्था, पुढे शहरोशहरी निघालेली संगीतमंडळे आणि सार्वजनिक गणेशोत्सवातील मैफली यांमुळे वकील, शिक्षक, कारकून, व्यापारी असा एक नवा श्रोतृवर्ग घडला. तो पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी, बहुधा त्याच माणसांच्या संगतीत गाणे ऐके. त्यामुळे आजच्या गाण्याची तुलना मागील वर्षीच्या गाण्याशी करण्याची सोय त्याला आपोआप लाभली. 1953 साली सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशी यांनी पुण्यात सुरू केलेल्या महोत्सवाने या वर्गाला फार मोठ्या प्रमाणावर वाढविले. हजारोंच्या समुदायात पहिल्या दोन अवस्थांचे स्वरूप बदलते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. मान हलविणे मागे पडून टाळी पुढे येते.

यांतील काही श्रोत्यांनी लेखणी हाती घेतली. केशवराव भोळे यांनी ‘एकलव्य’ या टोपणनावाने तत्कालीन गायकांवर लिहिलेले लेख, गोविंदराव टेंबे यांचे ‘माझा संगीत व्यासंग’ (1939), वामनराव देशपांडे यांचे ‘घरंदाज गायकी’ (1961) ही या लेखनाची ठळक उदाहरणे होत. टेंबे यांची साक्ष विशेष मोलाची, कारण ते भास्करबुवांच्या साथीला संवादिनी घेऊन बसलेले होते. त्यांनी ऐकले ते हातभर अंतरावरून. देशपांडे व्यवसायाने हिशेबतपासनीस होते. त्यांनी अनेक वर्षांच्या श्रवणातून घराण्यांची एक मांडणीच सिद्ध केली : स्वर व लय या दोन टोकांच्या दरम्यान किराणा स्वराच्या बाजूला, आग्रा लयीच्या बाजूला आणि जयपूर या दोहोंचा समतोल साधणारे. मैफलीनंतरच्या बोलण्यातून सिद्धांतापर्यंत जाता येते, याचा हा उत्तम दाखला होय. परंतु देशपांडे यांनी मोगूबाई कुर्डीकर यांच्याकडे जयपूर गायकीची तालीम घेतली होती, हे कळल्यावर त्या समतोलाच्या निर्णयात कानाचा भाग किती व निष्ठेचा भाग किती, हा प्रश्न वाचकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. असा प्रश्न विचारणे म्हणजे ग्रंथाचे मोल कमी करणे नव्हे. साक्षीदार कोठे उभा होता हे पाहणे होय.

4. ध्वनिमुद्रिकेने काय साधले?

ध्वनिमुद्रण आल्यावर श्रोत्याच्या साक्षीची गरज उरली नाही, असा एक समज आहे. तो तपासून पाहण्याजोगा आहे. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणास 1902 साली प्रारंभ झाला. जुन्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटेच मावत. ज्या गायकीचे सारे सौंदर्य रागाच्या सावकाश उलगडण्यात आहे, तिचे त्या तीन मिनिटांत काय उरणार? अब्दुल करीमखाँ यांच्या तबकड्या ऐकून त्यांच्या स्वरलगावाची साक्ष पटते. परंतु त्यांनी घटका-दीड घटका राग कसा मांडला असेल, हे तबकडी सांगू शकत नाही. तबकडी स्वर, लय व उच्चार यांबाबत श्रोत्याला खोटे ठरवू शकते. विस्ताराबाबत मात्र श्रोताच तबकडीला पूर्ण करतो.

पुढे फिती आल्या, खाजगी मैफलींची ध्वनिमुद्रणे हातोहाती फिरू लागली, आणि आज तर प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणयंत्र आहे. येथे परदेशातील एक उदाहरण उद्बोधक ठरेल. अमेरिकेतील ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाने 1965 ते 1995 या काळात दोन हजारांहून अधिक कार्यक्रम केले. श्रोत्यांनी ध्वनिमुद्रण करण्यास त्याची हरकत नसे. 1984 पासून तर अशा श्रोत्यांसाठी प्रेक्षागृहात वेगळी जागाच राखली गेली. फितींची देवघेव पैशावाचून होई आणि प्रत्येक कार्यक्रमाविषयी अहमहमिकेने मते मांडली जात. 8 मे 1977 रोजी कॉर्नेल विद्यापीठात झालेला कार्यक्रम त्यांचा सर्वोत्कृष्ट कार्यक्रम, अशी प्रसिद्धी कालांतराने झाली व अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-सूचीतही त्याचा समावेश झाला. तथापि त्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण विलक्षण स्वच्छ होते व ते फार मोठ्या प्रमाणावर फिरले, या गोष्टीचा त्या कीर्तीत मोठा वाटा आहे, हे त्या श्रोत्यांपैकी अनेकजण स्वतःच मान्य करतात. यावरून निघणारा निष्कर्ष आपल्यालाही लागू आहे : ध्वनिमुद्रण मताला शिस्त लावते, परंतु जे उपलब्ध आहे तेच श्रेष्ठ, असा नवा पक्षपातही निर्माण करते.

5. छाननीचे काही निकष

वरील विवेचनावरून श्रोत्याच्या साक्षीच्या परीक्षणासाठी काही निकष सुचविता येतील.

पहिला, निरीक्षण व निर्णय वेगळे काढावेत. ‘बुवा फार रंगले’ हा निर्णय. ‘बुवांनी एकच बंदिश निरनिराळ्या अंगांनी मांडली’ हे निरीक्षण. पुराव्याच्या दृष्टीने दुसऱ्याचे मोल अधिक.

दुसरा, साक्षीदाराचा अधिकार ठरवावा. रागाच्या शुद्धतेविषयी संवादिनीवादकाची साक्ष घ्यावी; पण सभागृह कधी जिंकले गेले, याविषयी मागील रांगेतल्या साध्या श्रोत्याची साक्षही तितकीच ग्राह्य धरावी. प्राश्निकांच्या यादीचे तात्पर्य हेच आहे.

तिसरा, आपल्या निष्ठेविरुद्ध दिलेली साक्ष विशेष विश्वसनीय मानावी. एका घराण्याच्या अभिमान्याने दुसऱ्या घराण्याच्या गायकाची केलेली स्तुती, किंवा आपल्याच आवडत्या गायकाच्या पडलेल्या मैफलीची हकीकत, यांना वजन अधिक.

चौथा, मतभेद मिटवू नयेत. कुमार गंधर्व (1924–1992) यांचे उदाहरण घेता येईल. क्षयाच्या दीर्घ आजारामुळे 1947 नंतर सुमारे पाच वर्षे त्यांचे गाणे थांबले होते. त्यानंतर त्यांनी जे गाणे मांडले त्याने श्रोत्यांत उघड दोन तट पडले. आज त्यांची थोरवी सर्वमान्य झाल्यामुळे विरोधी मत देणाऱ्यांना ‘न कळलेले’ म्हणून विसरण्याकडे आपला कल असतो. परंतु त्या गाण्यात नवे काय होते हे समजण्यासाठी, ज्यांना ते खटकले त्यांनी नेमके काय खटकले म्हणून सांगितले, हीच साक्ष अधिक उपयोगी आहे. स्तुती बहुधा सर्वांची सारखी असते. तक्रार मात्र नेमकी असते.

6. उपसंहार

हा प्रश्न केवळ पद्धतीचा नाही, काळाचाही आहे. अल्लादियाखाँ निवर्तले तेव्हा विशीत असलेला श्रोता आज शंभरीच्या घरात असेल. म्हणजे त्यांच्याविषयीची प्रत्यक्ष साक्ष जवळजवळ संपलीच. केसरबाई केरकर (1892–1977) यांना भर उमेदीत ऐकलेले कानही आता फार थोडे उरले आहेत. मल्लिकार्जुन मन्सूर व कुमार गंधर्व ही दोघेही 1992 साली गेली. त्यांचे श्रोते मात्र आज गावोगावी आहेत आणि बोलावयास उत्सुक आहेत. या दोघांची ध्वनिमुद्रणे विपुल असल्यामुळे एक दुर्मिळ संधी आपणांस लाभली आहे : श्रोत्याची स्मृती व प्रत्यक्ष ध्वनी यांची शेजारी शेजारी तुलना करून स्मृती कोठे बिनचूक असते व कोठे घसरते, हे पडताळून पाहता येईल. त्या पडताळणीतून जे प्रमाण हाती येईल ते भास्करबुवांविषयीच्या जुन्या साक्षींना लावता येईल.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील एका वृद्ध श्रोत्याकडे जाऊन एका मैफलीची हकीकत स्थळ, काळ, साथीदार व बैठकीची जागा यांच्या तपशिलासह त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावी. त्यांचे शब्द सुधारू नयेत, विसंगती झाकू नये. पुढच्या शतकातील अभ्यासक आपल्या काळातील गाण्याविषयी प्रश्न विचारील तेव्हा ध्वनिमुद्रणांची त्याला वाण पडणार नाही. त्याला वाण पडेल ती हे गाणे ऐकणाऱ्यांना काय वाटले, या माहितीची.