दाढीवाला ड्रॅगन आणि भोपाळचं ऊन

दाढीवाला ड्रॅगन या पाळीव सरड्याच्या झोपेचं एक चक्र साधारण ८० सेकंदांत पूर्ण होतं. माणसाला त्यासाठी सुमारे दीड तास लागतो. २०१६ साली फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक मेंदू संशोधन संस्थेत झोपलेल्या ड्रॅगनच्या मेंदूतल्या लहरी मोजल्या गेल्या. गाढ झोप आणि डोळे भिरभिरणारी झोप (जिचा संबंध आपण स्वप्नांशी जोडतो) या दोन्ही अवस्था त्याच्यात आलटून पालटून येताना दिसल्या. अशी झोप फक्त पक्ष्यांना आणि सस्तन प्राण्यांना लागते, असं तोवर मानलं जात होतं. त्यामुळे पाळणाऱ्यांसाठी पहिला नियम इथेच ठरतो: रात्री त्याच्या पेटीत पूर्ण काळोख हवा. ‘रात्रीसाठी खास’ म्हणून मिळणारा लाल दिवा घेऊच नका.

पाहुणा कुठला?

दाढीवाला ड्रॅगन, म्हणजेच बिअर्डेड ड्रॅगन, मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. कुंपणावर बसून मान हलवणारा आपला बागेतला सरडा त्याच्याच कुळातला. अंड्यातून निघताना पिल्लू जेमतेम १० सेंटिमीटरचं असतं आणि वर्षभरात ४५ ते ६० सेंटिमीटरपर्यंत वाढतं. नीट सांभाळलं तर ८ ते १२ वर्षं जगतं. म्हणजे पाचवीतल्या मुलाच्या हट्टाखातर आणलेला प्राणी त्याचं कॉलेज संपेपर्यंत घरात असणार, हे आईवडिलांनी आधीच मान्य केलेलं बरं.

भोपाळला ऊन आहे, मग अडचण काय?

भेलच्या बाजूला, रायसेन रोडवरच्या आनंद नगरात मे महिन्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो. वाळवंटी सरड्याला आणखी काय हवं, असं वाटेल. पण त्याला नुसती उष्णता पुरत नाही, तिच्यापासून दूर जायची सोयही लागते. पिल्लाच्या पेटीत एका टोकाला दिव्याखाली ४० ते ४२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २८ अंश हवेत. दिवसभर तो या दोन टोकांमध्ये ये-जा करत स्वतःच्या अंगाचं तापमान राखतो. सकाळी थंड असताना रंग गडद करून ऊन शोषतो, तापला की फिकट होतो आणि तोंड उघडं टाकून बसतो. मे महिन्यात सगळी खोलीच ४० वर गेली, तर त्याला पळायला जागा उरत नाही. अशा दुपारी दिवा बंद ठेवा आणि पेटी घरातल्या सगळ्यांत थंड खोलीत न्या.

तिथे पाण्याचा कूलर मात्र नको. तो हवा ओली करतो आणि या प्राण्याला दमटपणा ३० ते ४० टक्केच मानवतो. भोपाळचा खरा कसोटीचा काळ मला उन्हाळा नव्हे, तर जुलै-ऑगस्ट वाटतो. तेव्हा हवा ओलीचिंब असते आणि फुप्फुसांचा संसर्ग याच दिवसांत बळावतो. पेटीला जाळीच्या खिडक्या ठेवा, पाण्याचं मोठं भांडं आत ठेवू नका, तळाचा कागद रोज बदला. जानेवारीत रात्रीचा पारा १० च्या खाली उतरला, तर उजेड न पाडता उष्णता देणारा सिरॅमिक हीटर लावा, पण थर्मोस्टॅटला जोडूनच. दोन्ही टोकांना एकेक थर्मामीटर हवा. हात लावून घेतलेला अंदाज इथे चालत नाही.

काचेतून येणारं ऊन फसवं

खिडकीच्या काचेतून उजेड येतो, ऊब येते. अतिनील-बी किरण मात्र काचेतच अडतात. या किरणांवाचून कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, ड-३ वाचून कॅल्शियम शोषलं जात नाही आणि वाढत्या पिल्लाची हाडं मऊ पडतात. जबडा रबरासारखा लागणं, पाय थरथरणं, चालताना पोट जमिनीला घासणं ही त्याची लक्षणं. वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही, म्हणून अतिनील-बीची लांब ट्यूब ही चैन समजू नका. ती पेटीच्या निम्म्याहून जास्त लांबीवर पसरलेली असावी. बारीक जाळी किरणांचा बराच भाग खाते, हे लक्षात ठेवा. ट्यूब लख्ख पेटत असली तरी तिचे किरण कालांतराने संपतात. सहा महिने ते वर्षभरात, कंपनीने सांगितलेल्या मुदतीप्रमाणे, ती बदलाच.

इथे भोपाळकरांची चंगळ आहे. हिवाळ्यातल्या सकाळी गच्चीवर अस्सल ऊन फुकट मिळतं. जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून, तुमच्या नजरेसमोर त्याला उन्हात बसवा. काचेची पेटी उन्हात कधीही ठेवू नका. ती काही मिनिटांत भट्टी होते.

ताटात काय?

पिल्लू मांसाहारी, मोठेपणी बराचसा शाकाहारी! लहानपणी आहाराचा मोठा भाग किड्यांचा असतो. प्रौढपणी तो उलटून पाल्याचा होतो. पिल्लाला दिवसातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटांत संपेल एवढंच द्या. किड्याचं माप त्याच्या चेहऱ्यावरच आहे: दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा किडा नको. नाही तर आतडं तुंबतं आणि मागचे पाय लुळे पडू शकतात. उरलेले रातकिडे पेटीत सोडून झोपू नका, ते रात्री पिल्लालाच चावतात.

किडे पाळलेले घ्या. स्वयंपाकघरातलं झुरळ किंवा अंगणातला नाकतोडा यांच्या अंगात फवारणीचं विष असू शकतं. आदल्या दिवशी त्या किड्यांनाच गाजर आणि पाला खाऊ घाला, मग कॅल्शियमची पूड लावून द्या. मीलवर्म कडक कवचाचे असतात, पिल्लाला टाळलेले बरे.

भाजी मंडईत मिळते ती सगळीच चालते असं नाही. पालक, अळू आणि राजगिरा यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, म्हणून ते रोजचे नकोत. शेवग्याचा पाला मात्र कॅल्शियमने भरलेला. बारीक चिरून द्या. जोडीला किसलेला लाल भोपळा, अधूनमधून जास्वंदीचं फूल. अ‍ॅव्होकाडो, कांदा, लसूण अजिबात नाही.

एक काजवा पुरे

पावसाळ्याच्या तोंडावर घरात शिरलेला काजवा मुलं कौतुकाने भरवतील, तर त्यांना आधीच सांगून ठेवा. अमेरिकेत काजवे खाऊन पाळीव दाढीवाले ड्रॅगन मेल्याच्या घटना १९९९ मध्ये शोधनिबंधातून पुढे आल्या. काजव्यातलं विष हृदयावर घाला घालतं आणि त्यासाठी एकच किडा पुरेसा असतो.

घर एकट्याचंच

प्रौढाला किमान चार फूट लांब, दोन फूट रुंद पेटी हवी. पिल्लाला दोन-अडीच फुटांची चालते, म्हणजे शिकार शोधायला फार धावावं लागत नाही. तळाला वर्तमानपत्र किंवा खरखरीत फरशी. वाळू शोभते, पण पिल्लाच्या पोटात जाते. ‘जोडीला भाऊ’ म्हणून दुसरं पिल्लू आणू नका. ती एकमेकांची बोटं आणि शेपट्या चावतात, आणि पालीची शेपटी उगवते तशी यांची पुन्हा उगवत नाही.

पिल्लू एक हात हळूहळू गोल फिरवतं, ते टाटा नव्हे. ‘मी लहान आहे, मला सोड’ असं ते समोरच्याला सांगत असतं. एकत्र ठेवलेल्या पिल्लांत हे सतत दिसलं तर लगेच वेगळी करा.

डोक्यावरचा डोळा

कपाळामागे टाळूवर खवल्यासारखा एक ठिपका असतो. तो त्याचा तिसरा डोळा. त्याने चित्र दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. वरून येणारा हात त्याला घारीसारखाच वाटतो. म्हणून उचलताना समोरून किंवा बाजूने, पोटाखाली हात घालून उचला आणि नंतर साबणाने हात धुवा. निरोगी ड्रॅगनच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नका.

आणखी एक चमत्कार: अंडी ३२ अंशांहून जास्त उबेत वाढली, तर गुणसूत्रांनी नर असलेली पिल्लंही मादी होऊन जन्मतात आणि पुढे अंडी घालतात. ऑस्ट्रेलियाच्या रानात अशा माद्या सापडल्याचं २०१५ मध्ये ‘नेचर’ने छापलं.

आणण्याआधी

पेटी आणि दिवे आठवडाभर चालवून दोन्ही टोकांची तापमानं लिहून काढा. सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्य कुठे आहे ते शोधा. विक्रेत्याकडून पावती घ्या आणि नोंदणीचे नियम वन विभागाकडून समजून घ्या. ड्रॅगन नाही तर घोरपडच पाळू, हा विचारही नको. ती १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. आणि कधी सांभाळणं झेपेनासं झालं, तर याला कलियासोत किंवा केरवा धरणाच्या काठावर सोडून येऊ नका. पावसाळ्यात तो तिथे टिकणार नाही, आणि त्याच्या अंगावरचे रोग इथल्या सरड्यांना लागू शकतात. जाणकार पाळणाऱ्याच्या हाती द्या, दिव्यांसकट.