पावसाचं बिल : भाग ४ – सवलत खड्ड्याची नव्हे, देखभालीची

गेल्या आठवड्यात आपण फिलाडेल्फियाचं बिल पाहिलं. २०१० पासून तिथल्या बिगरनिवासी मालमत्तांची पाऊसपाण्याची आकारणी नळाच्या मीटरवरून न होता मुख्यतः डांबर, काँक्रीट आणि छपरांनी झाकलेल्या जमिनीवरून होऊ लागली. तोवर नळजोडणी नसलेलं भलंमोठं वाहनतळ काहीच भरत नव्हतं, आणि त्यावरचं सगळं पाणी गटारात जात होतं. काहींचं बिल इतकं वाढणार होतं, की नवी आकारणी चार वर्षांत टप्प्याटप्प्यानं लागू करावी लागली.

आता सवलतीकडे येऊ. या शहराच्या सुमारे ६० टक्के भागात मैला आणि पावसाचं पाणी एकाच वाहिनीतून जातं. जोराची सर आली की वाहिनी तुडुंब भरते आणि ते मिश्रण डेलावेअर आणि स्कूलकिल नद्यांमध्ये सुटतं. म्हणून शहराचा जलविभाग मालकाला सांगतो : पावसाचा निदान पहिला इंच, म्हणजे साधारण २५ मिलिमीटर पाणी, तुमच्याच आवारात अडवा किंवा जिरवा, बिल जास्तीत जास्त ८० टक्क्यांनी उतरू शकतं. त्यासाठी वाहनतळाच्या कडेला झाडं लावलेला खोलगट वाफा करतात, सच्छिद्र फरसबंदी करून तिच्याखाली खडीचा थर देतात, छपरावर माती घालून हिरवळ वाढवतात.

मला यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते ती मुदत. ही सवलत चार वर्षांसाठी असते. पुढे ती हवी असेल तर नूतनीकरण करावं लागतं आणि व्यवस्था चालू असल्याचं दाखवावं लागतं. कारण असा वाफा बांधला त्या दिवशी उत्तम असतो. मग पालापाचोळा साचतो, बारीक गाळ मातीची छिद्रं बुजवतो, पाणी शिरायची वाट बंद होते. वरून हिरवागार दिसणारा वाफा प्रत्यक्षात एक थेंबही जिरवत नसतो. फरसबंदीची छिद्रंसुद्धा यंत्रानं धूळ ओढून मोकळी ठेवावी लागतात.

एक अडचण मात्र खरी आहे. वाचलेल्या बिलातून बांधकामाचा खर्च लवकर निघत नाही. छोट्या कारखानदाराला तर हे परवडतच नाही. त्यामुळे २०१२ पासून शहरानं बांधकामासाठी अनुदानही सुरू केलं.

आपल्याकडे पुण्यात महापालिका सौरऊर्जा, गांडूळखत, पर्जन्यजलसंधारण यांपैकी एक केलं तर मिळकतकरात ५ टक्के, आणि अधिक केलं तर १० टक्के सवलत देते. आमच्या सोसायटीतही पावसाचं पाणी जिरवायला शोषखड्डा आहे. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये त्याचं झाकण उघडलं, तर गाळणीची वाळू चिखलानं घट्ट झाली होती. गच्चीवरून आलेलं पाणी खड्ड्यात न शिरता फाटकातून रस्त्यावर जात होतं. आता मेच्या शेवटच्या आठवड्यात वाळू काढून धुतो. दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

पुढच्या आठवड्यात : जर्मनीतल्या हिरव्या छपरांचा हिशेब.